खणात उतरण्याआधी : भोपाळचं चेंबर आणि आपल्या बोटीचा खण

 घरच्या माऊल्यांनो, ही पोस्ट रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचून दाखवायची आहे आणि ते काम तुम्हीच कराल. पोस्ट मोठी आहे. तरी पूर्ण वाचा.

31 जुलैला बंदी संपते. बोटी लोटायच्या आधी आपण काय करतो? इंजिन बघतो, जाळी भरतो, रंग देतो आणि मासळीचा खण उघडून साफ करतो. जूनपासून झाकण बंद असतं. तळाला बर्फाचं साचलेलं पाणी, मासळीचा चिकटा, कुठेतरी फळीमागे अडकून सडलेली दोन-चार मासळी. मग सगळ्यात नवीन आणि सगळ्यात बारीक पोराला सांगतो, "उतर रे, बादलीने उपसून घे." पूर्ण वर्षात सगळ्यात धोक्याचं काम कुठलं विचाराल तर आम्ही वादळाचं नाव घेणार नाही, ह्याचं घेऊ.

मागच्या बैठकीत हा विषय काढला तेव्हा एका जुन्या नाखव्यांनी विचारलं, "गॅसने माणसं मरायला हे काय भोपाळ आहे? आपल्याकडे कारखाना कुठे आहे?" प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र भोपाळमध्येच आहे.

भोपाळ म्हटलं की सगळ्यांना 2 आणि 3 डिसेंबर 1984 ची रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 610 नंबरच्या टाकीत पाणी शिरलं, आतला मिथाइल आयसोसायनेट तापला, गॅस बाहेर पडला आणि झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत राहिला. हजारो माणसं गेली. ते जगाला माहीत आहे. पण त्याच शहरात डिसेंबर 2021 मध्ये गांधीनगरजवळच्या लाऊखेडी भागात दोन माणसं गेली, त्याची बातमी दोन दिवसांत विरून गेली. सांडपाण्याच्या लाईनचं सुमारे 20 फूट खोल चेंबर. आत गेले एक इंजिनियर आणि एक मजूर. दोघंही वर आले नाहीत. अंगावर सुरक्षेचं सामान नव्हतं असं तेव्हा छापून आलं होतं. तिथे कुठला कारखाना फुटला नव्हता. एक खोल, बंद जागा होती आणि आत उतरायला एक तोंड होतं, एवढंच. त्यातला एक तर शिकलेला इंजिनियर होता, म्हणजे नुसतं शिक्षण असून भागत नाही.

आता आपल्या बोटीचा खण डोळ्यासमोर आणा. खोल, बंद, वरून एक तोंड.

ही नुसती तुलना नाही. मार्च 2024 मध्ये मुंबईत नव्या भाऊच्या धक्क्यावर मासेमारी बोटीच्या खणात उतरलेले खलाशी बेशुद्ध पडले. दोघं गेले, बाकीच्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये मंगळुरूजवळ बजपे इथे मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात माशांच्या टाकाऊ मालाच्या टाकीत एक कामगार पडला, त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. पाच जण गेले, सगळे पश्चिम बंगालचे, पोटासाठी इतक्या लांब आलेले. आपल्या बोटींवरही कोण कुठून आलेलं असतं ते आपल्याला माहीत आहे.

खणात नेमकं होतं काय? सडणारी मासळी दोन गोष्टी करते. एक, सडवणारे जंतू आतली हवा खातात, म्हणजे प्राणवायू कमी होतो. बाहेरच्या हवेत तो साधारण 21 टक्के असतो. 19.5 च्या खाली गेला की आत जायचं नाही, हा नियम. 16 च्या आसपास डोकं जड होतं, हातपाय ऐकत नाहीत, माणूस चुकीचे निर्णय घेतो आणि त्याला ते कळतही नाही. 10 च्या खाली तर थेट कोसळतो. शिडीवर परत पाय ठेवायला वेळ मिळत नाही.

दुसरं म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस. हवेपेक्षा जड, तळाला बसून राहतो. तळातलं पाणी ढवळलं, गाळ हलवला की एकदम उसळून वर येतो. म्हणून खण उघडल्यावर काही वाटलं नाही आणि पहिल्या चार बादल्यांनंतर माणूस पडला, असं घडतं. ह्या गॅसची सगळ्यात वाईट खोड अशी की थोडा असला तर वास येतो, पण दहा लाख भाग हवेत 100 भाग झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला, हवा मोकळी झाली. 500 च्या वर काही मिनिटांत शुद्ध जाते, 1000 ला एक-दोन श्वासांत. त्यात आपली नाकं मासळीच्या वासात जन्मापासून वाढलेली. "आम्हाला वासाची सवय आहे" असं जो म्हणतो, त्याच्यासाठी हा गॅस जास्त घातक.

जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची. त्यात तथ्य होतं, प्राणवायू कमी असला की ज्योत विझते. पण हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील जळत राहतो, आणि आत पेट घेणारा गॅस किंवा थिनरची वाफ असेल तर कंदिलानेच भडका उडेल. तो उपाय आता सोडायचा. पेट्रोलचा किंवा डिझेलचा पंप खणात उतरवून पाणी उपसणंही बंद करा. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचा असतो. पंप वरच ठेवा, पाइप खाली सोडा. आणि रंगाचं काम, फायबरचं रेझिन, डिझेल टाकीची सफाई ह्यांनाही हेच सगळं लागू आहे. तिथे मासळी नसते म्हणून आपण गाफील असतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी निओश नावाची सरकारी संस्था आहे. तिने 1986 मध्ये अशा बंद जागांतले मृत्यू तपासून सांगितलं की मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त माणसं वाचवायला गेलेली होती. मंगळुरूला तेच झालं. आपल्या महाराष्ट्रात 9 एप्रिल 2024 ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात तेच झालं. शेण आणि स्लरी साठवलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागून दुसरा, असे पाच जण गेले. सहावा उतरला तो कमरेला दोर बांधून. त्याला वरच्यांनी ओढून काढलं आणि तो वाचला. विहीर तीच, गॅस तोच. फरक फक्त दोराचा.

म्हणून ट्रेनिंग म्हणजे आत कसं उतरायचं हे शिकवणं, हा गैरसमज आहे. अर्ध्याहून जास्त ट्रेनिंग वर उभ्या राहणाऱ्या माणसाचं असतं. खाली भाऊ पडलेला दिसत असताना वरच उभं राहायचं, ओरडायचं, दोर ओढायचा, पण उडी टाकायची नाही. हे बोलायला सोपं आहे. समुद्रात पडलेल्यासाठी न विचारता उडी टाकायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि तेच इथे जीव घेतं. सवय मोडायची तर सराव लागतो, नुसती पोस्ट वाचून होत नाही.

आमचीही एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या बंदरात एक विशीच्या आतला खलाशी खणात उतरताना शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच लुळा पडला. तांडेल वर वाकून उभे होते म्हणून त्याची कॉलर हातात आली. दोन दिवस रुग्णालयात राहून पोरगं घरी आलं. त्यानंतर आम्ही मोठ्या उत्साहाने सगळ्या बोटींना मास्क वाटले, फोटोही काढले. नंतर कळलं की ते धुळीचे मास्क होते. गॅसपुढे त्यांचा उपयोग रुमालाइतकाच, आणि प्राणवायू तर कुठलाच गाळणीचा मास्क तयार करत नाही, डबी लावलेला महागडा असला तरी. त्यासाठी पाठीवर हवेचा सिलिंडर लागतो आणि तो वापरायला वेगळं शिक्षण लागतं. ते मास्क अजून बोटींवर असतील तर रंग घासताना वापरा, खणात उतरायला नको.

ह्या वेळी काय करायचं ते नीट ठरवलं आहे. खणाची सगळी झाकणं आदल्या दिवशी उघडायची. मग ब्लोअर लावून त्याचा पाइप तळापर्यंत सोडायचा, कारण तोंडाशी पंखा फिरवला तर वरचीच हवा फिरते. हिशोब सोपा आहे. खण 10 फूट लांब, 8 रुंद, 6 खोल असेल तर 480 घनफूट हवा झाली. ब्लोअर मिनिटाला 500 घनफूट देत असेल तर मिनिटाला साधारण एकदा हवा बदलते. वीस मिनिटं चालवा, मग मोजा, आणि माणूस आत असेपर्यंत ब्लोअर बंद करू नका. ब्लोअरचं तोंड इंजिनच्या धुराकडे नसावं. वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आणून खणात सोडण्याची अक्कल कुणी लढवू नये, त्याने एका ठिणगीत कपडे पेटतात.

मोजायला चार गॅसचा मीटर लागतो. एकट्या बोटमालकाला तो महाग वाटेल, म्हणून संस्था एक घेते आहे, तो आळीपाळीने मिळेल. मीटर दोराला बांधून आधी वर, मग मध्ये, मग तळाला सोडायचा आणि प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबायचं. प्राणवायू 19.5 ते 23.5 मध्ये, हायड्रोजन सल्फाइड 10 च्या खाली, कार्बन मोनॉक्साइड 35 च्या खाली, पेट घेणारा गॅस 10 टक्क्यांच्या खाली. चारही आकडे बसले तरच उतरायचं. गाळ ढवळल्यावर पुन्हा मोजायचं. मीटर आत उतरणाऱ्याच्या छातीवर राहील, खिशात नाही.

उतरणाऱ्याला पूर्ण अंगाचा पट्टा, पट्ट्याला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात किंवा कप्पीवर. हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 36 मध्ये जवळपास हेच लिहिलं होतं. आधी गॅस काढा. मग जाणकाराने स्वतः तपासून लेखी द्यावं, नाहीतर माणसाने श्वासाचं यंत्र आणि दोराचा पट्टा लावावा आणि दोराचं टोक बाहेर कुणीतरी धरावं. आतल्या दिव्यासाठी 24 व्होल्टची मर्यादाही त्याच कायद्यात होती. बोट म्हणजे कारखाना नाही हे खरं, पण फुप्फुसाला ते कळत नाही.

वरचा माणूस दुसऱ्या कामाला जाणार नाही. जाळं विणणार नाही, फोन बघणार नाही. आमच्या बोटींवर मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारे एकत्र असतात आणि घाबरला की माणूस आपल्या भाषेत ओरडतो, म्हणून दोराची खूण ठेवली आहे. वरून एक ओढ, "ठीक आहेस का?" खालून एक ओढ, "ठीक." खालून दोन ओढी किंवा उत्तरच नाही, तर लगेच वर ओढा, विचारत बसू नका.

ओढणं किती कठीण आहे ते आम्ही मागच्या महिन्यात 60 किलो वाळूचं पोतं पट्ट्यात बांधून करून पाहिलं. पहिल्या वेळी चार जण लागले आणि पोतं झाकणाच्या कडेला आडवं अडकलं. नऊ मिनिटं गेली. प्राणवायू तुटला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते, म्हणजे ते पोतं माणूस असतं तर काढूनही उपयोग झाला नसता. दुसऱ्यांदा कप्पी बरोबर तोंडाच्या वर बांधली आणि दोराचा हुक छातीवरून काढून पाठीमागे खांद्यांमध्ये लावला. पोतं सरळ उभं वर आलं, दोन मिनिटांच्या आत, दोनच माणसांनी.

माणूस बाहेर आल्यावर मोकळ्या हवेत झोपवा, श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. पाणी पाजू नका, कांदा हुंगवू नका. धक्क्यावर असाल तर 108 आणि 101, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा 1554. "आता बरं वाटतंय" म्हणाला तरी रुग्णालयात न्यायचंच, फुप्फुसात पाणी भरायला काही तासांनीही सुरुवात होते.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी 9 वाजता संस्थेच्या शेडमध्ये सराव आहे. प्रत्येक बोटीवरून किमान तिघं यावेत, तांडेल, खणात उतरणारा आणि वर थांबणारा. नाखवा एकटे येऊन चहा पिऊन गेले तर बोटीची नोंद होणार नाही. येताना आपल्या खणाच्या झाकणाची लांबी-रुंदी आणि तळापर्यंतची खोली इंचात लिहून आणा. 24 इंचांपेक्षा लहान तोंड असलेल्या बोटींनी आधी येऊन भेटा, त्यांची कप्पी वेगळी बांधावी लागेल.