नॅनोकणांचा नेम

प्रश्न : पॉलिमरचे नॅनोकण कर्करोगाचे औषध थेट गाठीपर्यंत नेतात का?

उत्तर : अंशतः. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे ते एरवी एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकातून देतात, ज्याची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होते. दक्षिण कोरियात २००७ मध्ये मान्यता मिळालेल्या जेनेक्सॉल-पीएम या त्याच्या नॅनोकण-रूपात मात्र पॉलिमरच्या, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या, पाणी टाळणाऱ्या टोकांनी औषध आत धरलेले असते आणि पाण्यात मिसळणारी टोके बाहेर राहतात. गाठीतील रक्तवाहिन्या अनेकदा सच्छिद्र असल्याने असे कण तेथे झिरपून साचू शकतात. तथापि हे प्रमाण गाठीगणिक बदलते आणि यकृत व प्लीहाही बरेच कण अडवतात. म्हणून या उपचाराला अचूक नेम न मानता त्याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावा.