‘बा’ आणि ‘बन्नि’

परप्रांतात शब्द लवकर शिकता येतात. मानमर्यादा मात्र उशिरा उमगते. भाषांतराच्या कामासाठी बंगळुरूत आलो तेव्हा मी शेजारच्या मुलांकडून कन्नड शिकलो. त्यामुळे कचेरीतील वयोवृद्ध शिपायाला मी ‘बा’, म्हणजे ‘ये’, असे म्हणत असे. तो निमूटपणे येई. एके दिवशी दार उघडून त्यानेच मला ‘बन्नि’, म्हणजे ‘या’, म्हटले, आणि मी ओशाळलो. मराठीत मी त्याला कधीही ‘ये’ म्हटले नसते.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत एका व्यक्तीसाठी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद नाही. मराठी वा कन्नड भाषांतरकाराला मात्र कोणी कोणाला किती मान द्यावा, हे प्रत्येक संवादात ठरवावेच लागते. कागदावर हा प्रश्न मी तासन्‌तास सोडवीत असे. दाराशी उभ्या असलेल्या माणसाविषयी तो मला पडलाच नाही!

म्हणून परगावी कामास जाणाऱ्याने आदरार्थी रूपे प्रथम शिकावीत: ‘बा’ नव्हे, ‘बन्नि’, ‘होगु’ नव्हे, ‘होगि’. आदर करण्यात एकमेकांच्या पुढे जावे, असे पौल रोमकरांस 12:10 मध्ये सांगतो. तो आदर मनात असून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या भाषेत तो त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.