पहिला महिना झाडांचा

चि. निखिल,



तुझ्या माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच हे माप नवख्यासाठी चांगलं. लहान टाकी सोपी वाटते, पण थोड्या पाण्यात चूक लगेच अंगाशी येते. पाणी, खडी आणि काच मिळून वजन ७० किलोंच्या घरात जाईल, म्हणून ती पुस्तकांच्या फळीवर नको. सगळ्या बाजूंनी नीट टेकेल अशा लोखंडी स्टँडवर ठेव, आणि खिडकीसमोरून हलव. नागपूरचं ऊन थेट काचेवर येत राहिलं तर पाणी हिरवं व्हायला वेळ लागणार नाही.

‘रविवारी मासे आणतोय’ हे मात्र थांबव. पहिला महिना त्या टाकीत फक्त झाडं राहू देत. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशाला विषारी असतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला काही आठवडे लागतात. झाडांना मात्र हाच अमोनिया अन्न म्हणून चालतो. ती रुजली, वाढू लागली की आलेल्या माशाचा पहिला दिवस सुखाचा जातो. दुकानदार हे सांगत नाहीत, कारण त्यांना मासे आजच विकायचे असतात. मेलेल्या माशांच्या जागी नवे आणत राहायचं, हा शौक मला कधीच पटला नाही.

झाडं आणि मासे यांच्यातला हा तोल पहिल्यांदा नीट तपासून मांडणाऱ्यांत लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन होते. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. काही दिवसांनी जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्यांनी हे तिथल्या केमिकल सोसायटीपुढे मांडलं. तेव्हा रोपांबरोबर चारदोन बारीक गोगलगाई आल्या तर घाबरून औषध ओतू नकोस. त्या फार वाढल्या तर समज की खाणं जास्त पडतंय.

आता झाडं कोणती घ्यायची. व्हॅलिसनेरिया घेच, लांब पट्टीसारख्या पानांची. तुमच्या इमारतीत बोअरचं पाणी मिसळतं असं तू म्हणालास. ते जड असणार, आणि अशा पाण्यात ही वनस्पती खूश असते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड झाडापर्यंत फार सावकाश पोचतो. हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावता वाढतात. हायड्रिला तुला आठवेल, शाळेत उपड्या नरसाळ्याखाली ठेवून बुडबुडे मोजले होतेस तीच. तिची मूठभर टाक. ती झपाट्याने वाढते आणि शेवाळाच्या तोंडचं अन्न पळवते. पुढे बाकीची झाडं सावरली की तिला काढून टाकता येईल.

त्याबरोबर एक जावा फर्न आणि एक अनुबियास. दोन्ही कमी उजेडात तगतात. फक्त त्यांचं आडवं खोड खडीत पुरायचं नाही. ते आल्याच्या गड्ड्यासारखं दिसतं, म्हणून हात आपोआप पुरायला जातो, आणि पुरलं की ते कुजतं. दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांध. दोरा सडेपर्यंत मुळं घट्ट धरतात. व्हॅलिसनेरिया मात्र खडीत लाव, पण पानं जिथून फुटतात तो मधला भाग उघडा राहू दे.

शेवटी क्रिप्टोकोरीनची दोन रोपं. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण नवी माणसं इथेच हात टेकतात. तू रोपं लावशील, आणि आठवड्याभरात पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळू लागतील. अशा वेळी लोक रोप उपटून फेकतात. तू तसं करू नकोस. रोपवाटिकेत ही झाडं बहुतेकदा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. ती पानं हवेसाठी घडलेली. पाण्याखाली ती निकामी होतात आणि झाड त्यांना सोडून देतं. मूळ जिवंत असतं. कुजलेलं पान कात्रीने काढ, रोप जागचं हलवू नकोस, आणि मधल्या कोंबाकडे बघत राहा. तीन-चार आठवड्यांत नवं पान येईल, बहुधा अधिक अरुंद आणि वेगळ्या रंगाचं. पाण्यातलं खरं पान तेच. झाड बरं आहे की नाही हे जुन्या पानांवरून ठरवायचं नाही, नव्यावरून ठरवायचं. चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण विद्यार्थ्यांना सगळ्यात अवघड गेलेली गोष्ट हीच: काही न करता बघत राहणं.

रोपांच्या मुळाशी प्लॅस्टिकची कुंडी आणि पिवळट लोकर असेल, ती सगळी काढ. खडी दोन-तीन मिलिमीटरची, दोन इंच जाडीची, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली. दोन-चार खड्यांवर व्हिनेगर टाकून बघ. फेस आला तर त्यात चुना आहे, ती खडी नको, कारण पाणी आधीच जड आहे. गच्चीवरच्या कुंड्यांची काळी माती तर अजिबात नको, आणि युरियाही नको. युरियाचा शेवटी अमोनियाच होतो. मुळांशी पुरायच्या खताच्या गोळ्या दुकानात मिळतात, त्या व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीनच्या बुडाशी एकेक पुरल्या की पुरे. दुकानात लकी बांबू आणि ड्रासेनाही पाण्यात उभे करून विकायला ठेवलेले दिसतील. ही पाण्याखाली जगणारी झाडं नव्हेत, काही महिन्यांत कुजतात.

दिवा रोज सहा-सात तास, आणि तो टायमरवर. तुझ्या ऑफिसच्या वेळांवर सोडलास तर कधी चार तास होतील, कधी चौदा. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी थर येईल, तो पुसून टाक. आपणच कमी होतो. हिरवे धागे दिसले तर उजेड तासाभराने कमी कर. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन वापर.

उन्हाळ्याची काळजी मात्र आत्तापासून कर. पाणी जितकं तापेल तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. एप्रिल-मेमध्ये रात्रभर एअर पंप चालू ठेव आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लाव. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. खोलीत कूलर असेल तर हवा दमट राहून पंख्याचा उपयोग कमी होतो, तेव्हा टाकी कूलरच्या खोलीत नको. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी बोअरचं पाणी ओतू नकोस. क्षार मागे राहतात आणि पाणी जड होत जातं. आरओचं पाणी घाल.

एक गोष्ट आत्याची आज्ञा म्हणून ऐक. छाटलेली झाडं अंबाझरीत, फुटाळ्यात किंवा नाल्यात कधी टाकायची नाहीत. उन्हात वाळवून कचऱ्यात टाक. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने पंचगंगेची आणि रंकाळ्याची काय दशा केली ते तू कोल्हापुरात पाहिलं आहेस. केरळात साल्व्हिनिया आणि कबोम्बाने तेच केलं. आणि उलटंही, म्हणजे बाहेरचं झाड उपटून टाकीत आणणंही, करायचं नाही. पावसाळ्यात इकडे आलास की कासला जाऊच. तिथे डबक्यांत वायतुरा फुललेला दिसेल. साताऱ्याच्या परिसरातली ती दुर्मीळ पाणवनस्पती आहे, पावसाळा संपला की जमिनीखालच्या कंदाच्या रूपात उरते. ती फक्त पाहायची. तुझी टाकी तिच्यासाठी नाही.

महिन्याने व्हॅलिसनेरियाने खडीतून बाजूला पहिलं पिल्लू काढलं की मला फोटो पाठव. मग मासे. गोल्डफिश नको, तो झाडं खातो आणि उपटतो. जड पाण्यात मॉली किंवा गप्पी चांगले राहतात; आधी चारच आण, आणि दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच खायला घाल. गप्पींची पिल्लं महिन्या-महिन्याला होतात, त्यामुळे नर आणायचे की मादी हे तेव्हा फोनवर ठरवू.

तुझी,
आत्या