कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना

बारावीनंतर जव्हार, मोखाडा, धडगावकडची मुलेमुली नाशिक-पुण्याच्या महाविद्यालयांत जातात, आणि पहिल्याच वर्षी घरात लॅपटॉपचा विषय निघतो. पालकांना स्वस्तातला हवा असतो. मुलांना वाटते, चारचौघांत उघडताना लाज वाटू नये. पालकांनी हे म्हणणे उडवून लावू नये. जी वस्तू रोज चार-पाच तास समोर राहणार, ती देखणी असावी असे वाटण्यात वावगे काही नाही. मात्र देखणेपणासाठी मोजलेले काही पैसे उपयोगी पडतात, तर काही पुढे नडतात. हा फरक या पाठात समजून घेऊ. अंदाजपत्रक ४५ ते ६० हजार रुपयांचे धरू या.

धातूचे झाकण नुसते शोभेचे नसते. एसटीच्या गर्दीत बॅग दाबली जाते, तेव्हा पडद्याला तेच सांभाळते. दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडून पाहा. ते वाकत असेल किंवा बिजागरी कुरकुरत असेल, तर तो लॅपटॉप कितीही चकचकीत असला तरी नको. १४ इंची लॅपटॉप साधारण दीड किलोच्या आत मिळतो आणि रोज पाठीवर नेणाऱ्याला तोच बरा. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा असेल तर उत्तम; वसतिगृहात चार्जर बिघडला तर दुसरा लवकर मिळतो. पडदा आयपीएस प्रकारचा घ्या, म्हणजे तिघे-चौघे बाजूला बसून वाचू शकतात. पडद्याचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. २५० निट्स खोलीत पुरतात, पण खिडकीपाशी बसलात की अक्षरे फिकी दिसतात. ३०० असल्यास चांगले.

आता नडणारा देखणेपणा. लॅपटॉप फार पातळ करायचा म्हणून अनेकदा रॅम मदरबोर्डवरच कायमची बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही. ८ जीबी रॅमवर लिहिणे-वाचणे चालते, पण ऑनलाइन वर्ग, एक्सेल आणि ब्राउझरची पंधरा-वीस पाने एकदम उघडली की यंत्र अडखळू लागते. पदवीची तीन-चार वर्षे काढायची आहेत. म्हणून १६ जीबी घ्या, नाहीतर ८ जीबीसोबत रॅमसाठी रिकामा स्लॉट आहे का हे विचारून घ्या. साठवणीला ५१२ जीबीची एसएसडी असावी.

प्रोसेसरच्या नावातही गफलत होते. 'रायझन ५ आहे' एवढे ऐकून समाधान मानू नका. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू ही नावे जुळ्या भावांसारखी दिसतात, पण या क्रमांकांत तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. २ म्हणजे जुनी, ३ म्हणजे तिच्या पुढची. दुकानदार हे सांगत नाही. कधी त्यालाही ठाऊक नसते.

बॅटरीच्या 'दहा तास' या जाहिरातीपेक्षा वॅट-अवरचा आकडा पाहा. साध्या कामाला सुमारे ८ ते १० वॅट लागतात, म्हणजे ४२ वॅट-अवरची बॅटरी चार-पाच तास चालेल. सुट्टीत गावी वीज जाते तेव्हा हा हिशेब आठवेल.

कला, वाणिज्य, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. अभियांत्रिकीवाल्यांनी मात्र आधी विभागात विचारावे. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेली आहेत. मॅकबुकच्या मोहात पडून अडचण ओढवून घेऊ नये. ऑफिससाठी पैसे नसतील तर लिब्रेऑफिस मोफत आहे आणि त्यात मराठीही नीट चालते. चोरीची प्रत कोणी फुकट टाकून देत असेल तर नको म्हणा.

जुना लॅपटॉप घेणार असाल तर प्रोसेसरची पिढी नक्की पाहा. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत.

पक्के बिल घ्या. बिलावरचा अनुक्रमांक लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेल्या क्रमांकाशी दुकानातच जुळवून पाहा. वॉरंटीत दुरुस्तीला माणूस घरी येतो की यंत्र केंद्रावर न्यावे लागते, आणि ते केंद्र मूल शिकते त्या शहरात आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.