रिकिबीचे पट्टे : मऊपणा आणि टिकाऊपणा

घोड्याच्या साजात जीन आणि लगाम यांकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम जाते. रिकीब ज्या पट्ट्याने जिनाला लटकलेली असते, तो पट्टा मात्र जिनाच्या झडपेखाली आणि स्वाराच्या मांडीखाली अर्धाअधिक झाकलेला राहतो. साज विकत घेतानाही त्याची निवड सर्वांत शेवटी, आणि पुष्कळदा केवळ रंग पाहून केली जाते. वस्तुतः स्वार घोड्यावर चढतो त्या क्षणी त्याचा सगळा भार या एका पट्ट्यावर असतो. भरधाव घोड्यावर पट्टा तुटला, तर एका बाजूचा आधार एकदम नाहीसा होऊन स्वार कोसळतो. म्हणून या साध्या दिसणाऱ्या वस्तूची पारख कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

रिकिबीच्या इतिहासात धातूच्या आधी चामडे, दोर यांसारख्या वस्तू आल्या असाव्यात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील सांचीच्या शिल्पांत स्वाराचा पाय एका फासात अडकवलेला दिसतो, असे काही अभ्यासक मानतात. चीनमध्ये नानजिंग येथील इ. स. 322 च्या सुमाराच्या एका थडग्यात सापडलेल्या मातीच्या घोड्यावर दोन्ही बाजूंना रिकिबी दाखविल्या आहेत. पुढे धातूची रिकीब रूढ झाली. परंतु रिकीब कितीही मजबूत असली, तरी तिचा भार अखेर पट्ट्यालाच पेलावा लागतो.

चामड्याचा कोणता भाग घ्यावा?

जनावराचे कातडे सर्वत्र सारखे नसते. त्यातील सूक्ष्म तंतूंच्या जुड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुठ्ठ्यावर ही वीण घट्ट असते; पोटाकडे ती सैल होत जाते. मानेजवळच्या आणि खांद्यावरच्या कातड्यात सुरकुत्या असतात. पोटाकडचे चामडे हाताला मऊ लागते, पण ते ताणले की लांबते आणि पूर्ववत होत नाही. म्हणून चांगला कारागीर रिकिबीचा पट्टा पाठीच्या भागातून, कण्याला समांतर कापतो. एका कातड्यातून असे उत्तम पट्टे थोडेच निघतात. चांगल्या पट्ट्याची किंमत अधिक असते, त्याचे हे एक कारण होय.

पट्ट्यासाठी गाईबैलांचे आणि म्हशीचे अशी दोन्ही प्रकारची कातडी वापरतात. म्हशीच्या कातड्याचे तंतू जाड असल्यामुळे त्याचा पट्टा सहसा तुटत नाही, पण तो बराच ताणतो. गाईबैलांच्या कातड्याचा पट्टा कमी ताणतो आणि दिसायलाही सुबक असतो. परंतु त्याची निगा अधिक राखावी लागते. अलीकडे दोन चामड्यांच्या मध्ये नायलॉनची पट्टी घालून केलेले पट्टेही मिळतात. ते जवळजवळ ताणत नाहीत. मात्र वरचे चामडे झिजले तरी आतली पट्टी तग धरून राहते, म्हणून त्यांचीही तपासणी टाळता येत नाही.

कमावण्याची क्रिया आणि चरबी

कच्चे कातडे वाळले की ताठ होते आणि भिजले की कुजते. ते टिकावे म्हणून कमावावे लागते. भारतात यासाठी झाडांच्या साली व फळे पूर्वापार वापरात आहेत. उत्तरेत बाभळीची साल, दक्षिणेत तरवडाची साल आणि ठिकठिकाणी हिरडा ही त्यांतील प्रमुख द्रव्ये. कानपूरच्या परिसरात बाभूळ आणि कातडी दोन्ही मिळत असल्यामुळे तेथे हा धंदा वाढला. 1860 च्या दशकात लष्करासाठी जीन व साज तयार करणारा सरकारी कारखानाही तेथेच निघाला.

सालीने कमावलेले चामडे घट्ट असते, आकार धरून राहते आणि त्याची कड घासून गुळगुळीत करता येते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे लवकर तयार होते, मऊ असते आणि पाणी अधिक सोसते. परंतु त्यात लवचीकपणा अधिक असल्याने ते ताणण्याचा संभव असतो.

कमावल्यानंतरची पायरी तितकीच महत्त्वाची आहे. ओलसर चामड्यावर चरबी आणि माशाचे तेल यांचे मिश्रण चोळतात. चामड्यातले पाणी हळूहळू उडून जाते आणि स्निग्ध पदार्थ आत शिरतो. तो प्रत्येक तंतूभोवती पातळ थर धरतो. त्यामुळे पट्टा वाकताना तंतू एकमेकांवरून घसरतात. हा थर नसेल तर तेच तंतू एकमेकांना घासून तुटतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घट्ट विणीच्या चामड्यात योग्य प्रमाणात स्निग्धता असेल, तर मऊपणा हा टिकाऊपणाचा शत्रू नसून त्याचा आधार होतो. सैल विणीमुळे आलेला मऊपणा मात्र फसवा असतो. विकत घेणाऱ्याने हे दोन मऊपणे वेगळे ओळखावेत, यातच निवडीचे मर्म आहे.

पारख

पट्टा बोटाभोवती, केसांकडची गुळगुळीत बाजू आत ठेवून वाकवावा. चांगल्या चामड्यावर बारीक, सारख्या रेघा उमटतात आणि पट्टा सोडताच त्या मिटतात. मोठ्या, पोकळ सुरकुत्या उठून तशाच राहिल्या, तर वरचा थर खालच्या थराला घट्ट धरून नाही असे समजावे. नंतर तो उलट बाजूने वाकवावा. पृष्ठभागावर तडा दिसल्यास चामडे कोरडे आहे किंवा नीट कमावलेले नाही. हाताला तेलाचा चिकट थर लागला, तर निकृष्ट चामडे तेलात भिजवून मऊ केले असण्याची शंका घ्यावी. जाडी दोन्ही टोकांपासून मध्यापर्यंत सारखी असावी. मोठ्या माणसाच्या पट्ट्याची जाडी साधारणपणे 3 ते 4 मिलिमीटर, रुंदी सुमारे 2.5 सेंटिमीटर आणि लांबी 135 ते 145 सेंटिमीटर असते.

रिकिबीच्या पट्ट्याची गुळगुळीत बाजू आत आणि मांसाकडची बाजू बाहेर ठेवतात, हे पाहून नवख्याला पट्टा उलटा शिवला आहे असे वाटते. त्यामागे कारण आहे. रिकिबीचे लोखंड आणि जिनावरची दांडी आतल्या बाजूला घासतात. गुळगुळीत थर हे घर्षण अधिक सोसतो, म्हणून तो धातूकडे ठेवलेला असतो.

शिवण, बकल आणि भोके

चामडे उत्तम असूनही शिवण वाईट असेल, तर पट्टा बकलापाशी सुटतो. हातशिवणीत दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून त्या एकाच भोकातून समोरासमोर ओवतात. त्यामुळे एक टाका तुटला तरी शेजारचे टाके लगेच उसवत नाहीत. मेण लावलेला जाड दोरा आणि सारख्या अंतरावरचे टाके ही चांगल्या कामाची खूण होय. टाके फार दाट असतील, तर भोकांची रांगच चामड्याला कमकुवत करते.

बकल गंज न धरणाऱ्या पोलादाचे असावे. नुसत्या निकेलचे बकल चकचकते, पण नरम असल्याने वाकते. दोन्ही पट्ट्यांवरील भोके समोरासमोर धरून मोजावीत. त्यांत थोडाही फरक असेल, तर स्वार नकळत एका अंगाला झुकतो आणि त्याचा त्रास घोड्याच्या पाठीला होतो.

वापर आणि निगा

नवा पट्टा प्रारंभी ताणतोच. स्वार डावीकडून चढत असल्याने डावा पट्टा अधिक लांबतो. यावर साधा उपाय असा की, दोन्ही पट्टे अधूनमधून एकमेकांच्या जागी बदलावेत. नेहमी एकाच भोकात बकल राहिल्यास रिकिबीचे घर्षणही एकाच जागी होते. म्हणून काही काळाने जीनगराकडून बकलाच्या टोकाशी पट्टा थोडा कापून पुन्हा शिवून घेतात. त्यामुळे झिजणारी जागा पुढे सरकते.

घाम आणि धूळ ओलसर फडक्याने पुसून, चामड्याचा साबण थोड्या पाण्यानिशी लावावा आणि पट्टा सावलीत वाळवावा. उन्हात किंवा चुलीजवळ वाळवलेला पट्टा ठिसूळ होतो. तेल बेताने द्यावे; अतिरिक्त तेलाने चामडे फुगते आणि दोराही कमजोर होतो. पावसाळ्यात साज बंद पेटीत ठेवला की बुरशी येते. त्यासाठी तो हवेशीर जागी टांगून ठेवणे हितावह ठरते.

स्वारी करण्यापूर्वी बकलाचे वळण, वापरातली भोके आणि रिकीब लटकते ती घडी या तीन जागा पाहाव्यात. भोक लांबट झाले असेल, घडीवर तडे असतील किंवा चामड्याची तांबूस पूड बोटाला लागत असेल, तर त्या पट्ट्याला तेल लावून उपयोग नाही. त्याचे तंतूच तुटलेले असतात आणि गेलेले बळ कोणत्याही उपायाने परत येत नाही. असा पट्टा तत्काळ बदलावा, आणि बदलताना एक नव्हे, जोडीच बदलावी. कारण जुना आणि नवा पट्टा सारखे ताणत नाहीत.