घरातलं वर्कशॉप आणि धूर ओढणारं यंत्र

‘मागच्या खोलीत छोटं वर्कशॉप आहे. सोल्डरिंग रोजचं, वेल्डिंग अधूनमधून. धुराचा घरच्यांना त्रास होतो. इलेक्ट्रोस्टॅटिक एअर क्लीनर घेऊ का?’ असं वाचक विचारतात. घ्यायला हरकत नाही. पण पैसे मोजण्याआधी आपल्या खोलीत नेमका कसला धूर होतो, हे पाहून घ्या, कारण या यंत्राला काही गोष्टी उत्तम जमतात आणि काही अजिबात जमत नाहीत.

सोल्डरिंगपासून सुरुवात करू. लोक घाबरतात शिशाला. शिसं ३२७ अंशांना वितळतं, पण उकळतं १७४९ अंशांना. आपली सोल्डरिंग गन जेमतेम ३५०-४०० अंशांपर्यंत जाते, तेव्हा शिशाची वाफ नाकात जाण्याची भीती फारशी नाही. शिसं पोटात जातं ते हातातून. सोल्डरची तार चिमटीत धरायची आणि त्याच बोटांनी चहात बिस्कीट बुडवायचं, हा खरा धोका. नाकाला छळतो तो फ्लक्समधल्या राळेचा पांढरा धूर. त्यातून दमा होऊ शकतो, तोही आधी कधीच दम न लागलेल्या माणसाला. एकदा शरीराला या धुराचं वावडं झालं की पुढे थोडासा धूरही पुरतो. म्हणून खोकल्याची तक्रार घेऊन आलेल्या अशा कारागिराला मी हमखास विचारतो, ‘सुट्टीत चार दिवस गावी गेलात की बरं वाटतं का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर औषधाइतकंच लक्ष त्याच्या टेबलाकडे द्यावं लागतं.

वेल्डिंगचा धूर याहून वाईट. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये तो माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. त्याचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जीआय पाईप किंवा पत्रा जोडला की जस्ताचा धूर होतो. त्याने दिवसा काही वाटत नाही, संध्याकाळी हुडहुडी भरते, अंग ठणकतं, तोंडाला धातूची चव येते. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह येते आणि एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. यावर दूध प्यावं, गूळ खावा असं वर्कशॉपमध्ये सर्रास सांगतात. गूळ घशाला बरा वाटत असेल, पण त्याच्या भरवशावर छाती धुरात घालू नये.

चांदीचं काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत हा धंदा घराघरांत चालतो; इतर गावांतही घरातच डाग देणारे कारागीर आहेत. डाग देण्याच्या मिश्रणात कॅडमियम असेल, तर त्याच्या धुराने सुरुवातीला जस्तासारखाच ताप येतो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी साठून जीवही जाऊ शकतो. इथे यंत्राचा विचारच करू नका. कॅडमियम नसलेलं मिश्रण आणा, दुकानदाराला तसं स्पष्ट विचारून आणा.

आता यंत्राकडे वळू. आत बारीक तारा असतात, त्यांना काही हजार व्होल्टचा दाब दिलेला असतो. तारांजवळून जाताना धुराच्या कणांवर विद्युतभार चढतो आणि पुढे ओळीने लावलेल्या पत्र्यांवर ते चिकटतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या काचेवर धूळ बसायची, त्यातलाच हा प्रकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कॅलिफोर्नियात कारखान्यातल्या आम्लाचे तुषार पकडायला ही पद्धत वापरली. कोराडी-चंद्रपूरसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत धुराड्यावाटे राख बाहेर पडू नये म्हणून हेच तत्त्व कामाला येतं. जाड फिल्टरसारखी ती हवेला अडवत नाही, आवाज कमी असतो, दर काही महिन्यांनी नवा फिल्टर आणावा लागत नाही. वेल्डिंगच्या अतिबारीक कणांसाठी ही पद्धत खरोखर चांगली आहे.

मात्र वीजकेंद्रात पत्र्यांवर ठरावीक वेळाने हातोडे आपटून राख खाली पाडतात. घरच्या यंत्राचे पत्रे तुम्हालाच धुवावे लागतात. थर चढला की यंत्राची पकड सुटते, पण पंखा फिरत राहतो, दिवा लागलेला दिसतो आणि आपण निर्धास्त असतो. आतून चटचट आवाज येऊ लागला की समजा, धुणं राहिलंय. यंत्र बंद करून प्लग काढा आणि माहितीपत्रकात सांगितला असेल तेवढा वेळ थांबा, कारण आत वीज साठून राहते. पत्रे कोरडे झटकू नका, सगळी धूळ पुन्हा नाकात जाईल. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात भिजवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा. आणि हे काम स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये मुळीच करू नका, त्या काजळीत कुठले धातू असतील सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक फसवी आहे. हे यंत्र कण पकडतं, वायू नाही. वेल्डिंगमधले कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड, राळ जळून होणारी झोंबरी वाफ, थिनरचा वास हे सगळं पत्र्यांमधून आरपार जातं. धूर दिसेनासा झाला की खोली स्वच्छ वाटते आणि आपण खिडकी लावून घेतो. नेमकं तेच करायचं नाही. वायूसाठी बाहेर हवा फेकणारा पंखाच हवा. यंत्रातला सक्रिय कोळशाचा वेगळा थर वास आणि वाफा काही प्रमाणात पकडतो, कार्बन मोनॉक्साइड मात्र पकडत नाही, आणि तो थरही वेळेवर बदलायला हवा.

शिवाय यंत्र स्वतः थोडा ओझोन तयार करतं. झेरॉक्सच्या दुकानात कधीकधी येतो तसा तिखट वास आला, तर तो ‘ताज्या हवेचा’ नव्हे. ओझोन श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्याचा दमा वाढवतो. कॅलिफोर्नियात घरगुती एअर क्लीनरमधून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५ पीपीएमची कायदेशीर मर्यादा आहे. खरेदी करताना ती पाळल्याचा उल्लेख आहे का ते पाहा. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल, तर माझं मत हेपा फिल्टरच्या बाजूने आहे.

आता जागा. हे यंत्र बहुतेक जण छताला टांगतात. म्हणजे धूर टेबलावरून निघतो, तुमच्या नाकासमोरून वर जातो आणि मग स्वच्छ होतो! खोलीतल्या इतरांना फायदा, तुम्हाला शून्य. धूर उगमापाशीच ओढायला हवा. त्यासाठी पंख्याला जोडलेल्या चार इंची पाईपचं तोंड कामापासून चार इंचांवर असलं, तरी तिथे हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. फूटभर लांब असेल, तर पाईप असून नसल्यासारखाच. म्हणून पाईप कामाच्या अगदी जवळ, बाजूला लावा, डोकं धुरावर वाकवू नका आणि ओढलेली हवा शक्यतो घराबाहेर सोडा. शेजाऱ्यांच्या खिडकीत नव्हे, हे सांगायला नकोच. समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर पंखा ओढणार काय? एवढं केल्यावर उरलेल्या धुसरपणासाठी छतावरचं यंत्र जरूर लावा.

लाकडाचा भुसा, ॲल्युमिनियमची पूड, थिनर किंवा स्प्रे पेंट असलेल्या खोलीत मात्र हे यंत्र नकोच. आत ठिणगी पडते, आग लागू शकते.

कामाच्या दिवशी रात्री ढास लागत असेल, छातीत घरघर वाजत असेल किंवा जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम लागत असेल, तर स्पायरोमेट्री करून घ्या. ती साधी फुंकण्याची तपासणी आहे. धुरात काम केल्यानंतर काही तासांनी श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. येताना वापरत असलेल्या रॉडच्या, फ्लक्सच्या आणि डागाच्या पाकिटांचे फोटो मोबाइलवर घेऊन या, डॉक्टरांना त्यावरून निम्मं निदान करता येतं.