शिरक्याची चाचणी आणि तिची परीक्षा

गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल, लावल्यास रोगट भाग पांढुरका दिसतो. या चाचणीस प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून प्रशिक्षित आरोग्यसेविकांकरवी दर दोन वर्षांनी, चार वेळा ही तपासणी करविली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने, १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तेथे हीच चाचणी एकदाच केली असता मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. एकच शिबिर भरवून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. विषाणू-चाचणी मात्र महाग असूनही एकाच फेरीत मृत्यू सुमारे निम्म्यावर आणू शकली.